पसंत पडलेलं घर

एजंट कोणता धरू, असं तू विचारलंस म्हणून सांगते. दिवा जवळ ओढून घे आणि नीट ऐक. घर घेणं सोपं असतं गं, खरा घोळ एजंट निवडण्यात असतो.

तेव्हा मी दादाकडे राहत होते. रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये माझी रात्रपाळी. सकाळी येऊन झोपायला पडलं की वहिनी भिंतीपलीकडे फोनवर कुणाला तरी सांगायची, "ती खोली मोकळी झाली की तिथं पोरीचं टेबल लावायचंय." मला ऐकू जावं एवढ्या आवाजात. बारा वर्षं मी ते ऐकलं. मला जिथून कुणी "निघा" म्हणणार नाही अशी चार भिंतींची जागा हवी होती, बाकी काही नको होतं.

पहिला एजंट भेटला तो घराआधी माझ्या मागे कोण उभं आहे ते बघायचा. "साहेब कधी येतील?" म्हणाला. कोणते साहेब, विचारलं तर म्हणे, "म्हणजे मिस्टर." त्याला मी तिथंच नमस्कार केला. दुसरा गोडबोल्या. त्याच्यासोबत घर बघायला गेलं की तिथं आधीच एक चौकटीच्या शर्टातला माणूस "वा, वा" करत फिरत असायचा. पहिल्या घरात तो मुलीच्या लग्नासाठी जागा घेत होता आणि दुसऱ्या घरात त्याला मूलबाळच नव्हतं. आपण घाई करावी म्हणून असली भाड्याची गिऱ्हाइकं उभी करतात. मी त्या माणसाला विचारलं, "मुलगी कशी आहे?" बिचारा चक्क "बरी आहे" म्हणाला.

तिसरे काका मला पटले. म्हातारे, दमेकरी, खरं बोलणारे. "पश्चिमेची भिंत पाझरते, जिना अरुंद आहे, वरचे लोक भांडतात," एवढं सगळं त्यांनी घर दाखवण्याआधीच सांगून टाकलं. त्यांची एक रीत होती. ते किल्ली आपल्या हातात द्यायचे आणि स्वतः खाली जिन्याच्या पायरीवर बसायचे. म्हणायचे, "घर बघताना कानाशी बोलणारं माणूस नको. एकटीनं बघा, ताई. घर आवडलं तर हाक मारा."

तर मी एकटीच वर गेले. कुलूप उघडलं. दिवस कलायला आला होता, उजेड पिवळट झाला होता. घर बरेच दिवस बंद असावं, पण आत नुकतीच फरशी पुसल्यासारखा ओला वास होता. मी स्वयंपाकघरातला नळ फिरवून पाहिला. पाणी तोडलेलं होतं, नळ नुसताच खरखरला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला... सर्र, सर्र. भिंतीवरून नखं ओढल्यासारखा.

आत एक बाई होती, माझ्याकडे पाठ करून. ती वितीनं भिंत मोजत होती. अंगठा टेकवायची, करंगळी ताणायची, पुन्हा अंगठा.

"हे आमचं झालंय," मागं न बघता ती म्हणाली. आवाज अगदी हळू, आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तसा.

"कधी झालं?"

"केव्हाच झालंय... तुम्ही निघा."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, हे काकाही त्याच माळेतले! आणि वर "निघा" म्हणते, तेही मला. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "बाई, काम छान करता हं तुम्ही. रोजंदारीवर आहात की कमिशनवर?"

तिचा हात थांबला.

"मी इथंच असते," ती म्हणाली.

"असा की. मीही इथंच असणार आहे. घर मला पसंत आहे."

ती पुन्हा मोजायला लागली आणि मोजत मोजत दाराच्या मागच्या कोपऱ्यात गेली. सर्र, सर्र... मग आवाज बंद झाला. मी दार ओढून मागं पाहिलं तर तिथं कुणी नव्हतं. खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला जाळी.

मी तरातरा खाली उतरले. काका जिना अडवून बसले होते. "तुम्हीसुद्धा भाड्याची गिऱ्हाइकं ठेवता?" मी ओरडलेच. त्यांचा चेहरा पडला. "ताई, आयुष्यात कधी ठेवलं नाही. वर तुम्ही एकट्याच गेलात. कुलूप तुम्हीच उघडलंत ना?"

उघडलं होतं मीच. तेव्हा मात्र मी घाबरले, खोटं कशाला बोलू? त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. काका म्हणाले, "भिंत पाझरते ते मी सांगितलं. हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर हेही सांगितलं असतं. घर सोडून द्या. नाहीतर निदान एकदा घरी विचारून बघा."

"घरी कुणाला विचारू, काका? तेच तर घ्यायला निघालेय."

आणि घेतलं. जिवंत माणसांनी हाकललेलं ऐकत बारा वर्षं काढली, आता मेलेल्यांचंही ऐकायचं का?

काही महिने छान गेले. ओला वास यायचा अधूनमधून, मी खिडक्या उघडायची. सकाळी कामावरून आले की आतून कडी घालायची आणि गाढ झोपायची. इतकी झोप मला दादाकडे कधी लागली नव्हती.

मग गेल्या आठवड्यात दुपारी बेल वाजली. दारात एक नवरा-बायको. चांगली, साधी माणसं.

"परत एकदा बघायला आलोय," नवरा म्हणाला. "घर आम्हाला पसंत आहे."

"चुकीच्या दारात आलात. हे विकायचं नाहीये."

"पण परवा तुमच्या त्या बाईंनी दाखवलं ना..." तो गोंधळला. बायको माझ्याकडे एकटक बघत होती. मग ओशाळून म्हणाली, "तुम्ही झोपला होतात. त्या म्हणाल्या, हळू चाला, जागी करू नका. आम्ही तुमच्या कडेकडेनंच मापं घेतली. फक्त पलंगाचं घेऊ दिलं नाही. म्हणाल्या, तो तिच्याबरोबर जाईल."

मी विचारलं, "रिकामं कधी मिळणार म्हणाल्या?"

"येत्या रविवारी."

"त्या पुन्हा भेटल्या तर त्यांना सांगा," मी म्हटलं, "की पलंग इथंच राहणार आहे. आणि मीही." आणि दार लावून घेतलं.

रविवारची मी रजा टाकली आहे. दिवसभर घरीच थांबणार. नाही, तू सोबतीला येऊ नकोस, तू तुझं घर बघ. त्या काकांचा नंबर देते, माणूस सोन्यासारखा आहे.

एवढंच आहे की, त्या दिवसापासून मी झोपून उठते तेव्हा पलंग थोडासा दाराकडे सरकलेला असतो. मी उठून तो पुन्हा भिंतीला लावते. आज लावताना पलीकडून कुणीतरी जोर लावत होतं.

मग मीही लावला.