मार्ग मोकळा नाही

"मार्ग मोकळा नाही. आज किरण देता येणार नाही," यंत्र म्हणालं. तेही इतक्या गोड आवाजात, की हणमंत सुतार आणखीच चिडले.

मिरजेच्या त्या दवाखान्यात हे यंत्र येऊन दोनच वर्षं झाली होती. नाव अनुवेधी. माणूस झोपला की ते त्याच्या आतलं जिवंत चित्र पाहत राही, आणि किरण त्या चित्रामागून जाई. श्वासाने गाठ केसभर हलली तर किरणही केसभर हले. हणमंतरावांची प्रोस्टेट ग्रंथी कॅन्सरमुळे पाच वर्षांपूर्वीच काढली होती. आता त्याच जागी जोंधळ्याच्या दाण्याएवढी गाठ परत आली होती. लघवीची पिशवी भरलेली असली तरच आतडी वर उचलली जात आणि किरणाला वाट मिळे. म्हणून तासभर आधी अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. या आठवड्यात पिशवी तिसऱ्यांदा रिकामी निघाली होती.

"काका, एक तास थांबते," रुबिना नदाफ म्हणाली. यंत्र तीच चालवायची. "पण आज चुकलं तर डॉक्टर हे थांबवणार. मग नुसती इंजेक्शनं. त्यानं गाठ दबेल, जाणार नाही."

बाहेर बाकावर त्यांची बायको शालन बसली होती. मांडीवर स्टीलची बाटली.

"खरं सांगा, पाणी प्यालासा?"

"प्यालो की."

"कुंडीत ओतलंसा. माती ओली हाय."

हणमंतराव भिंतीकडे बघायला लागले. ऑपरेशननंतर लघवी धरवत नव्हती, हे तिला ठाऊक होतं. पण लेकीच्या वयाच्या पोरीसमोर, त्या पांढऱ्या टेबलावर ओलं व्हायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

"मला काय शिकवताय," शालन हळू आवाजात म्हणाली. "बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते मी. त्यातली नऊ तुम्ही ड्रायव्हर असलेल्या गाडीवर. विट्यापासनं स्वारगेटपर्यंत बाईमाणसाला आडोसा कुठं होता? सकाळी चूळ भरायची, बास. दिवसभर घोट घेत नव्हते. पाणी न प्यायची ही युक्ती माझी हाय."

तिने दोन पेले भरले. एक त्यांच्या हातात दिला, एक स्वतः तोंडाला लावला. "प्या. मीबी धरते तुमच्यासंगं."

तासाभराने ते पुन्हा टेबलावर झोपले. त्या खोलीत दुसऱ्या कुणाला थांबता येत नाही, म्हणून रुबिनाने शालनला बाहेरच्या माइकपाशी बसवलं. पडद्यावर पिशवी भरलेली दिसत होती, पण मांड्या थरथरत होत्या आणि किरण सुरू होऊन पुन्हा थांबत होता.

शालनने पेनने बाटलीवर दोनदा वाजवलं. टिंग टिंग. गाडी सोडायची खूण.

"चला ड्रायव्हर. कराड गेलं... आता उंब्रज. गडबड न्हाई, रस्ता रिकामा हाय."

थरथर कमी झाली. किरण निघाला.

"सातारा... खंबाटकीचा घाट चढतोय आता, सावकाश..."

सात मिनिटं लागली. "आजचा किरण पूर्ण झाला," यंत्र म्हणालं.

हणमंतराव उठले नाहीत. शालन टॉवेल घेऊन आत गेली. रुबिना दाराशी पाठ करून उभी राहिली आणि उद्याची वेळ लिहू लागली.

"ओलं झालं," ते पुटपुटले.

"होऊ दे. आवरा लवकर, माझीबी आता सोय बघायची हाय."

ते हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"शालन, गाडीतल्या आरशात तू रोज दिसायचीस मला. नऊ वर्षं. ह्या यंत्राला घटकेत कळलं पाणी न्हाई ते. मग तू तहानलेली हायस, हे मला कसं गं दिसलं न्हाई?"