बोटाचं गाणं

आमच्या कोल्हारच्या आसपास लग्नाच्या वरातीत एक इंग्लिश गाणं वाजतं. शब्द नाहीत, नुसती धून. बाहेरगावचे पाहुणे ऐकून हसतात. लग्न होऊन आले तेव्हा मीही हसले होते. पण बँडची सुपारी द्यायला आलेली म्हातारी माणसंसुद्धा उठता उठता बजावतात, "बोटाचं गान पायजे हां, मास्तर!"

मास्तर म्हणजे आमचे हे, रंगनाथराव. ह्यांचा बँड. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. घरात प्रयोगशाळा आणि गोंगाट एकत्र नांदतात, असं आमची लेक सायली म्हणते.

त्या गाण्याची तबकडी ह्यांनी कॉलेजात असताना नगरच्या जुन्या बाजारातून आणलेली. विलायतेतल्या चार केसाळ पोरांचा बँड. कव्हरवर पाण्यात अर्धं बुडालेलं चर्च. तबकडीची अख्खी एक बाजू म्हणजे एकच गाणं. आधी चर्चमधला ऑर्गन, मग व्हायोलिनांचा ताफा, सगळं कसं शिस्तीत चाललंय म्हणेपर्यंत ड्रम अंगावर धावून येतात. मधे एका जागी ओरखडा. सुई तिथं आली की अडकायची आणि तेवढाच तुकडा पुन्हा वाजायचा. हे लगेच बोटानं सुई उचलून पुढं ठेवायचे. "तिथं अडकू देऊ नको, सुरेखा," एवढा एकच नियम ह्यांनी मला आयुष्यात घालून दिला.

आणि बँडला गाणं शिकवलं तेही अडकण्यासकट! त्या जागेला सगळा बँड गप्प, कॅसिओवरून ह्यांचं बोट वर. नाचणारे एक पाय उचलून थांबायचे. नवरदेव थांबायचा, त्याची घोडीसुद्धा थांबायची. बोट खाली आलं की पुन्हा धुमाकूळ. म्हणून बोटाचं गाणं.

डीजे आले, भिंतीएवढे स्पीकर आले, तरी हे गाणं काही मरेना. एकदा मी आमच्या ट्रम्पेटवाल्या गोरक्षला विचारलं, "लोकांना ह्यात सापडतं तरी काय रे?"

"बाई, ते थांबतं ना, तवा वाटतं आता कायतरी कळनार," तो म्हणाला. "कळत मातुर न्हाई. म्हनून पुन्यांदा वाजवा म्हनत्यात."

हे काय उत्तर झालं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

गेल्या माघात कोपरगावला वरात होती. गाणं त्या जागेवर आलं, ह्यांचं बोट वर गेलं आणि खाली आलंच नाही. लोक आधी हसले. मग एकेकानं पाय टेकवला. गोरक्षनं ह्यांना धरून हलवलं. डोळे उघडे, श्वास चालू, पण माणूस जागेवर नाही.

घरी आणलं. घास भरवला की चावायचे, हात धरला की चालायचे. बोलणं बंद. झोपेतसुद्धा बोट वर. मोठ्या दवाखान्यात मेंदूचे फोटो काढले, सगळे स्वच्छ. नणंद म्हणाली बाहेरचं बघ, अमक्या गावात एक जाणता आहे. तिला मी दारातूनच वाटेला लावलं. मला माझा माणूस परत हवा होता, सकाळी पेपरच्या पानावरून माझ्याशी भांडणारा. रडून रडून डोकं दुखायचं, आणि शाळेत जाऊन मी चुंबकत्व शिकवायचे.

मे महिन्याच्या सुट्टीत मला सुचलं. हे त्या तुकड्यात अडकलेत. ओरखड्यामुळं जो भाग आम्ही कुणी कधी ऐकलाच नाही, तो ऐकवला तर कदाचित पुढं सरकतील. यात भूतबित काही नाही, साधा उपचार आहे. पुण्याहून सायलीनं अख्खं गाणं शोधून मोबाईलवर पाठवलं, स्वच्छ, एकही खरखर नसलेलं.

मी ते ह्यांच्या कानाशी लावलं. ती जागा आली आणि गेली.

ह्यात थांबणं नसणार, हे मला कळत होतं. पण मधे नवं काहीच नव्हतं. जिथं आमचं तुटायचं तिथूनच पुढचं सुरू. मी पुन्हा लावलं. मग प्लेअर काढला, तबकडी लावली, सुई उचलून पुढं ठेवली, दोन्ही ताडून पाहिलं. एक सूरही कमी नव्हता.

माझं डोकं चालेना. काही सुटलेलंच नाही, तर इतकी वर्षं गावच्या गाव पाय उचलून कशाची वाट बघत होतं? आणि हे कशात अडकलेत?

भर दुपार होती. खिडकीबाहेर शेजारच्या आसारामच्या शेतात गुडघ्याएवढा ऊस उन्हात उभा होता. मी ह्यांना शेजारी बसवलं आणि ठरवलं, आज सुई उचलायची नाही.

सुई अडकली. ऑर्गनचा तोच तुकडा, पुन्हा तोच. मी मन घट्ट करून ऐकत राहिले. हळूहळू तो तुकडा तोच राहिला नाही. ऑर्गनच्या मागं काहीतरी होतं. मातीवर पाय घासल्याचा आवाज, खूप पायांचा. कुणीतरी खोकलं. एक लहान मूल रडायला लागलं आणि त्याच्या आईनं त्याला गप्प केलं.

मराठीत.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ओठ मिटलेले. आणि तबकडीतून, अगदी माझ्या कानाशी, ह्यांचा आवाज आला.

"सुरेखा, थांब. आलंच आता."

मी घाबरले. खोटं कशाला सांगू, चांगलीच घाबरले. बोटानं सुई उचलली आणि पुढं ठेवली.

काहीच वाजलं नाही.

टेबलावर प्लेअर नव्हता. औषधाच्या बाटल्या होत्या, माझ्या नावाच्या. माझं बोट हवेत होतं. अंगावर शाल होती आणि आल्याच्या चहाचा वास येत होता.

"सुरेखा?"

हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. स्वेटर घातलेला, दाढी वाढलेली, दोन्ही हातांत कप. कप खाली ठेवून ते धावत आले, माझं बोट मुठीत धरलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मीही रडले. माझा माणूस परत आला होता, आणि माझ्याशी बोलत होता.

मग खिडकीकडं लक्ष गेलं. आसारामचा ऊस डोक्याच्या वर गेला होता, त्याला तुरे आले होते.

"सुई मी त्याच दुपारी उचलली," हे म्हणाले. "मी जागा झालो, बघतो तर तू अशी बसलेली. बोट वर."

"तबकडी?"

"गोरक्षला दिली, म्हटलं प्रवरेत टाक. आणि गाणं बंद. कुणी कितीही मागू दे."

"तुम्हाला तिथं काय ऐकू येत होतं हो?"

त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल नीट केली. "तुझाच आवाज," ते म्हणाले. "तू म्हणत होतीस, थांबा, आलंच आता."

"मी असं कधीच म्हटलं नाही."

"मी तरी कुठं काय म्हणालो होतो?"

हे पुन्हा चहा घेऊन आले. मी कप हातात घेतला, तेवढ्यात वेशीकडून बँड ऐकू आला. लग्नसराई सुरू झाली होती.

ऑर्गनची सुरावट ट्रम्पेटवर. गोरक्षचा ट्रम्पेट, मी कुठंही ओळखीन.

"मेल्याला सांगितलं होतं ना!" हे उठले. मागितलं असणार लोकांनी, आणि गोरक्षला नाही म्हणवलं नसणार.

"जा, थांबवा त्याला!"

ते दारापर्यंत पोचले. वरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली होती. माणसं ओरडत होती, शिट्ट्या मारत होती, ढोल भिंतींवर आदळत होता.

ती जागा आली. बँड गप्प झाला.

आम्ही पुढच्या सुराची वाट बघितली, तो आला नाही.

कुणीतरी खोकलं. एक लहान मूल रडायला लागलं आणि त्याच्या आईनं त्याला गप्प केलं.

हे दाराच्या कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. बाहेर बघायला आम्ही दोघंही गेलो नाही. माझ्या हातातल्या चहावर साय धरली.