पासवर्डचे ठिपके

दुरुस्तीला आलेल्या मशीनला तो पेशंट म्हणायचा, म्हणून अख्खी गल्ली त्याला डॉक्टर म्हणायची. कुणी स्क्रीनची तक्रार घेऊन आलं तरी हा आधी बॅटरी बघणार आणि मान हलवून "उशिरा आणलंत" म्हणणार. एवढी खोड सोडली तर माणूस कामाचा पक्का. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता, करंटवर होता.

शिंपीकाका आले ते दुपारी. त्यांचं शिवणकामाचं दुकान चौकापलीकडेच, पण काकू गेल्यापासून ते बहुतेक बंद असायचं. लॅपटॉप त्यांनी अस्तराच्या कापडात नीट गुंडाळून आणला होता.

"हिचा आहे," ते म्हणाले. "फार हळू झालाय. काल तर मेला अडकूनच बसला."

डॉक्टरने तपासलं. आतली एसएसडी, म्हणजे सगळं साठवणारी डिस्क, छोटी, गच्च भरलेली, आणि शेवटच्या घटका मोजत असलेली. "आज-उद्या जाईल ही. नवी, मोठी टाकू. विंडोज, फोटो, सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवतो. पासवर्ड सांगा."

"मला नाही माहीत."

"मग उघडता कसा?"

काका ओशाळले. "मी नाही उघडत. तुम्ही जरा थांबा ना."

स्क्रीनवर पासवर्डची रिकामी चौकट होती. कीबोर्डला कुणाचाच हात नव्हता. चौकटीत एक ठिपका उमटला. बऱ्याच वेळाने दुसरा. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत टाइप करावं, तसे ते येत होते. मधेच एक ठिपका पुसला गेला, पुन्हा उमटला, आणि लॅपटॉप उघडला.

"नेहमी तिथेच चुकते," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

कीबोर्ड गेला असणार, असं डॉक्टरने ठरवून टाकलं. त्याने कीबोर्डची पट्टीच सोडवली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. ठिपके आले. त्याच जागी चुकले. त्याने पट्टी परत जोडली आणि उगाचच हात पँटला पुसले.

"सॉफ्टवेअरचा घोळ आहे काहीतरी. पासवर्डच काढून टाकू का? कटकट नको."

"नको," काका घाईने म्हणाले. "मग ती येईल कशाला?"

डॉक्टरने नवी डिस्क खोक्यातून काढली. काका बोलत राहिले. "तिला कुणी काही शिकवलं नाही हो. शिवणसुद्धा माझ्या हातांकडे बघून शिकली. लग्न झाल्यावर नुसती समोर बसून बघत असायची, मला वाटायचं कंटाळली बिचारी. एक दिवस मशीनवर बसली आणि कॉलर लावून मोकळी. सगळं उतरेल ना नव्यावर?"

"काही मागे राहणार नाही," डॉक्टर म्हणाला. असला शब्द तो एरवी कुणाला देत नसे.

जुनी डिस्क त्याने काढली, एका डबीत बसवली आणि ती डबी काउंटरवरच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. शेजारी नवी डिस्क. मधेच त्याचा स्क्रीन लॉक व्हायचा, तो आपला पासवर्ड टाकायचा, स्क्रीनवरची कॉपीची पट्टी आणखी थोडी सरकलेली असायची. काका समोर बसून होते. उतरवून झालं तेव्हा त्याने दोन्हींचा ताळा घेतला, कशातच फरक नव्हता. नवी डिस्क लॅपटॉपमध्ये बसवली, आणि बटण दाबताच चौकट समोर हजर झाली.

दोघं वाट बघत बसले. चौकट रिकामीच राहिली.

"नव्या जागी बुजली असेल," काका म्हणाले. "घरी नेऊन बघतो."

जुनी डिस्क मात्र डॉक्टरने ठेवून घेतली. तो त्याचा नेमच होता. नवीने दगा दिला तर परत फिरायला वाट हवी, म्हणून जुनी थोडे दिवस त्याच्याकडे डबीत तशीच जोडलेली राहायची.

रोज दुपारी काकांचा फोन यायचा. "अजून काही नाही हो." डॉक्टर म्हणायचा, येईल. आणि आपल्या तोंडून हे काय निघतंय म्हणून स्वतःवरच चिडायचा.

एक दिवस तो जेवून परत आला. त्याचा कॉम्प्युटर लॉक होता, आणि चौकटीत ठिपके उमटत होते. सावकाश. एक पुसला गेला, पुन्हा आला.

पासवर्ड चुकीचा आहे.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकीचा. पुन्हा.

भीती नंतर वाटली. आधी त्याला गलबलून आलं. बाई आपल्या घराची किल्ली परक्याच्या कुलपाला लावत होती.

त्याने फोन केला. काका धावतपळत आले, स्क्रीनसमोर वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, हे आपलं घर नाही. चल."

ठिपके थांबले.

डॉक्टरने डबी सोडवली. काकांनी जुनी डिस्क अस्तराच्या कापडात गुंडाळली, छातीशी धरली आणि निघाले. दारातून वळून म्हणाले, "आता येईल ती."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा डॉक्टर नुकताच खुर्चीत बसला होता.

"अजून काही नाही हो," काका म्हणाले. "तुमच्याकडे काही...?"

समोरच्या चौकटीत एक ठिपका होता.

मग दुसरा. एका बोटाने, सावकाश. एक पुसला गेला, पुन्हा उमटला. काकूंचे ठिपके संपायचे तिथे ते थांबले नाहीत. पुढे जात राहिले, त्याच्या स्वतःच्या पासवर्डाएवढे झाले, आणि कॉम्प्युटर उघडला.

"हॅलो? डॉक्टर?"



"नाही काका," तो म्हणाला, "इथे काही नाही."

आणि रोज पासवर्ड टाकणारा हात, कुणी त्याच्याकडे बघत असल्यासारखा, त्याने हळूच टेबलाखाली घेतला.