दोन ठोके, मग एक

ही गोष्ट रात्रीची नाही. दुपारची आहे. म्हणूनच कोणाला खरी वाटत नाही.

न वाटू दे. मी काही कोणाच्या हातापाया पडायला आलेले नाही. जे माझ्या डोळ्यांदेखत घडलं, माझ्या लेकीच्या बाबतीत घडलं, तेच सांगते. सुरुवात झाली यंदाच्या माघात, कुरुळीत, आमच्या अंगणात.

मी तनुजा. माहेर दापोडीचं, सासर कुरुळीचं. सासरची माणसं गावातली जुनी. शेत होतं तिथे आता गोडाऊन आहे आणि घरामागे कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या. नवरा प्रीतम. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, एरवी नाही.

प्रीतमला एकच वेड. गाडीचा बास.

गाडी सेकंडहँड, पण तिच्या डिक्कीत सबवूफर. म्हणजे नुसता ढम ढम करणारा मोठा स्पीकर, लाकडी बॉक्समध्ये बसवलेला. मला सातवा महिना लागलेला. पाळणा कुठला घ्यायचा याचा पत्ता नव्हता, पण बॉक्सचं तोंड सीटकडे करायचं की मागे, याचे व्हिडिओ नवरा रोज बघत होता. पत्रा खडखडतो म्हणून डिक्कीला आतून जाड शीट चिकटवली. नंबरप्लेटखाली रबर लावलं. तरी तोंड पाडून बसायचा.

"मजा नाय येत राव. बास कसा छातीत बसला पाहिजे."

गाडी अंगणात उभी असायची. अंगणाला लागूनच थोरल्या आत्याबाईंची खोली.

थोरल्या आत्याबाई म्हणजे अंबुबाई, प्रीतमची चुलती. चुलतसासूला आमच्याकडे आत्याबाईच म्हणतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवरच होत्या. तोंड मात्र शाबूत. बाई गोड नव्हत्या, उगाच कशाला खोटं बोलू. मी सांध्यांना तेल चोळायला बसले की माझ्या पोटाकडे बघून नाक मुरडायच्या. पण बासचा त्रास त्यांना खरंच व्हायचा. त्यांची खाट थरथरायची. मांडणीवरचे डबे वाजायचे.

काही हवं असलं की त्या तळहाताने खाटेची लोखंडी पट्टी बडवायच्या. दोन ठोके लागोपाठ, मग जरा थांबून एक.

ढप ढप... ढप.

कोणी गेलं नाही की पुन्हा तेच.

एकदा मी त्यांच्या खोलीत असताना प्रीतम बाहेर बास लावून बसला होता. त्यांनी खिडकीतून त्याला ऐकवलं.

"माज्या उरावर वाजिवतो व्हय रं? वाजीव. मी मेल्यावर तुमच्या समद्यांच्या उरावर बसंन. न्हाई बसले तर नावाची अंबू न्हाई."

प्रीतमने आवाज वाढवला. तो असाच आहे.

माघातल्या एका दुपारी मी आणि सासूबाई चाकणला दवाखान्यात गेलो होतो. परत आलो तर अंगणात डिक्की उघडी आणि बास ढमढमतोय. प्रीतम डोळे मिटून सीटवर रेललेला.

खोलीत आत्याबाई गेलेल्या.

हात खाटेच्या पट्टीवर. तळहात लालभडक. पाण्याचा तांब्या रिकामा, खाली पडलेला.

किती वेळ बडवत होत्या कोण जाणे. प्रीतमला काही ऐकूच आलं नव्हतं.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. सासूबाईंनी प्रीतमला सांगितलं, "त्यांची गादी नदीला टाकून ये. माघारी वळून बघू नगंस." गादी भरगच्च कापसाची. त्याने ती कशीबशी मागच्या सीटवर कोंबली आणि गेला.

संध्याकाळी परत आला तो खुशीत. सुतकात माणसाने एवढं खूश असू नये, पण तो होता.

पुढच्या आठवड्यात त्याने मला गाडीत बसवलं. "चिखलीच्या अजिंक्यने बॉक्स सेट करून दिलाय. ऐक आता."

बास खरंच बदलला होता. आधी पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाजायचा. आता खोल गेला होता. कानाला कमी, अंगाला जास्त. सीटमधून पाठीत, पाठीतून पोटात.

आणि पोटातलं बाळ... एकदम थांबलं.

सकाळपासून लाथा मारणारं बाळ. गाणं संपेपर्यंत हललं नाही. मी ओरडून बास बंद करायला लावला. बऱ्याच वेळाने एक हलकी लाथ बसली, तेव्हा मला रडू फुटलं.

काही दिवसांनी पुन्हा एक दुपार. प्रीतम कंपनीच्या बसने फर्स्ट शिफ्टला गेलेला. सासूबाई आत झोपलेल्या. गाडीची चावी खिळ्याला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते.

ढप ढप...

ढप.

टॉवेल माझ्या हातातच राहिला. मी आत्याबाईंच्या खोलीकडे बघितलं. तिथली खाट तर केव्हाच हलवली होती.

पुन्हा तेच ठोके. डिक्कीतून.

मी चावी आणून डिक्की उघडली. सबवूफरचा काळा पडदा आत जात होता, बाहेर येत होता. सावकाश. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसा. गाडी बंद. गाणं नाही. दिवा नाही.

मी वाकून बघितलं आणि तो थांबला.

मग एकदम बाहेर उसळला... ढप. माझ्या तोंडापाशी.

संध्याकाळी प्रीतमला सांगितलं तर म्हणाला, वायर लूज असेल. त्याने बॅटरीची वायर काढली. स्पीकरच्या वायरीसुद्धा काढल्या. डिक्की लावून आम्ही दोघं अंगणात उभे राहिलो.

ढप ढप...

ढप.

प्रीतमचा चेहरा पांढराफटक पडला. मला मनातून बरं वाटलं. एकटीने घाबरण्यापेक्षा ते बरं.

बॅटरीची वायर तेवढी जोडून तसेच चिखलीला गेलो. अजिंक्यचं दुकान म्हणजे वर्कशॉपच्या ओळीतला एक गाळा. वायर नसलेला स्पीकर बघून तो हसला.

"वहिनी, करंटच नाय तर पडदा हलणार कसा?"

असं म्हणून त्याने पडद्यावर हात ठेवला... आणि चटका बसल्यासारखा काढला. हसू गेलं. मुकाट्याने स्क्रू काढले. स्पीकर बाहेर घेतला.

आत कापूस. ठासून भरलेला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"बॉक्स लहान आहे ना, वहिनी. आत असं काही भरलं की तो मोठ्या बॉक्ससारखा वाजतो. बास खोल जातो. माझ्याकडचा आत भरायचा फायबर संपला होता. पण भाऊंच्या गाडीतच गादी होती. भारी कापूस."

मी प्रीतमकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता.

तेवढ्यात वास आला. सांध्यांच्या तेलाचा. याच हातांनी रोज चोळलेलं तेल. कापसात एक लांब पांढरा केस गुंतलेला होता.

"टाकायचीच होती ना गादी," प्रीतम पुटपुटला. "वाया जाणारा कापूस."

अजिंक्य मागे सरला. "भावा, आधी सांगायचंस. मयताची गादी मी दुकानात घेतली नसती."

बॉक्समधला कापूस पिशवीत भरून आम्ही मोशीच्या पुलापाशी नदीला टाकला. शेवटचा पुंजका जाईपर्यंत मी उभी राहिले. बॉक्स अजिंक्यकडेच सोडून दिला.

गाडी गप्प झाली.

तरी मी कुरुळीत थांबले नाही. बाळंतपणाला दापोडीला जायचंच होतं, ते लवकर गेले. प्रीतमने स्वतः माझी बॅग भरली. बाळासाठी जमवलेलं सगळं घातलं. दुपटी, टोपडी, निळ्या फुलांची छोटी गादी. इतका समजूतदार झाला होता की मी त्याला निम्मं माफ केलं.

मुलगी झाली. धडधाकट.

आमचं दापोडीचं घर रुळांजवळच्या गल्लीत. मागून ट्रेन गेली की भांडी वाजतात. त्याच आवाजात मी लहानाची मोठी झाले, मला त्याची भीती नाही. एका दुपारी आई बाजारात गेली होती. लेक निळ्या फुलांच्या गादीवर झोपलेली. ट्रेन गेली. भांडी वाजून थांबली. सगळं शांत झालं...

ढप ढप...

ढप.

नदीला टाकलं होतं ना? मी स्वतः बघितलं होतं ना?

आवाज माझ्या लेकीच्या खालून येत होता.

गादी खालून उचलली जात होती. पुन्हा बसत होती. सावकाश. तिच्याबरोबर माझी लेक. ती रडत नव्हती. डोळे सताड उघडे. छाती दबलेली, कोणीतरी वर बसल्यासारखी. श्वास... दिसत नव्हता.

मी झडप घातली. ती सहज उचलली गेली नाही, ओढावी लागली. पाठीवर थोपटत राहिले, थोपटत राहिले. मग ती रडली. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

कात्रीने गादीची शिवण उसवली. वर नवा पांढरा कापूस. खाली पिवळट. आणि तोच तेलाचा वास.

मी प्रीतमला फोन लावला. "या गादीत कापूस कुठला घातलाय?"

तो हळू आवाजात सांगायला लागला.

"बॉक्समध्ये थोडाच लागला होता, तनु. उरलेला पिंजून घेतला... बाळाची गादी शिवून घेतली. चांगला कापूस होता गं. मला वाटलं, बॉक्समधला काढला म्हणजे संपलं."

फोन मीच ठेवला. गादी वडिलांनी लांब नेऊन जाळली. कुरुळीला मी अजून गेलेले नाही.

लेक आता पाच महिन्यांची आहे. ती पाळण्यात झोपत नाही. झोळीत नाही. कुठल्याच गादीवर नाही. फक्त माझ्या उरावर, पालथी. डॉक्टर म्हणतात, होतं असं काही बाळांचं. वजन अगदी बरोबर आहे म्हणतात. त्यांच्या काट्यावर असेल. माझ्या उरावर ती जड होते... झोप लागली की जास्तच. कधी कधी मला श्वास पुरत नाही.

आणि झोपेत तिचा तळहात हलतो.

दोन थापा लागोपाठ. मग जरा थांबून एक.

मी लगेच म्हणते, "आले हं, आत्याबाई." मग हात थांबतो.

एकदाच मी मुद्दाम गप्प राहिले होते.

आता राहत नाही.