बोनेटखाली दोन हात

रविवारी दुपारी सौंसरला नत्थूजींच्या दारात एक पोरगा उभा राहिला अन् म्हणाला, "पाहाले आलो."

इथंच घोळ झाला. नत्थूजींच्या घरी पाहण्याजोग्या दोन गोष्टी होत्या. एक त्यांची लेक सुचिता, दुसरी तिनं मास्तरकीच्या पगारातून घेतलेली लाल, बुटकी, स्पोर्टी गाडी. पोरीचं लग्न करायचं म्हणून गाडी विकायची, हे बापाचं गणित. सुचिताला गाडी जिवापाड प्यारी. तिला विचारतो कोण?

पोरगा पांढुर्ण्याचा, नाव स्वप्निल. नत्थूजींनी त्याला सोफ्यावर बसवलं. सुचिता चहा घेऊन आली.

"आवाज ऐकाचा होता," स्वप्निल म्हणाला.

"म्हण बेटा गाणं," नत्थूजी म्हणाले.

सुचितानं पाहुण्याकडे पाहिलं. त्याची नजर खिडकीबाहेर, बोनेटवर! ती काय ते समजली... अन् गंभीर चेहऱ्यानं एक आख्खं कडवं म्हणून मोकळी झाली.

"एक चक्कर मारून पाहू?" स्वप्निलनं विचारलं.

नत्थूजींनी बदललेल्या जमान्यावर सुस्कारा सोडला. "मोहगावपर्यंतच."

स्वप्निल स्टिअरिंगवर, सुचिता बाजूला. गाडी रस्त्याला चिकटून पळाली. स्टिअरिंग बोटभर हललं की नाक वळायचं. खड्डा मात्र थेट मणक्यात. संत्र्याचे बगीचे सर्रकन मागे गेले... अन् इंजिन आचके देऊ लागलं.

स्वप्निलनं बोनेट उघडलं. "अबब! इंजिन बसवलं का ठासलं?"

"पाइप ढिला होते तिचा. तुमी दाबून धरा, मी पट्टी आवळतो," सुचिता म्हणाली.

आत एका हाताची जागा नव्हती, तरी दोन मावले. पट्टी आवळून झाली... हात मात्र तिथंच.

"अडकला काय?" तिनं विचारलं.

"नाई. मीच काढून नाही राहिलो."

सुचिता हसली. "बाबाले वाटते, तुमी मले पाहाले आले."

स्वप्निल कानापर्यंत लाल. "म्हणून गाणं? मले वाटलं, गाडीतला टेप बिघडला असन, म्हणून तुमीच गाता!"

"मग... घेता गाडी?" तिनं विचारलं.

"नाही. मी नेली तर तुमी काय चालवसान?" तो थबकला. "मले बाजूची सीट पुरते. कायमची — चालत असन तर."

सुचितानं बोनेट बंद केलं. त्याच्या हातून चावी घेतली, गाडी सुरू केली. सौंसरकडे वळवलीच नाही.

"कुठं?"

"पांढुर्ण्याले. तुमाले पाहाले."

स्वप्निलनं घाईघाईनं फोन लावला. "आई, पोहे भिजव... नाही वो, मी पोरगी नाही पाहून राहिलो. मलेच पाहाले येऊन राहिले!"