बन्सीधरने खोडलेलं उत्तर

"लिंबाजीकाकांना आज कीर्तनात टाळ धरू देणार न्हाईत!" मुंजाजी धापा टाकत ओसरीवर आला. "सप्त्याचं दोन शेर तूप चोरलं म्हणायलेत!"

बन्सीधरचा टाक थांबला. लिंबाजीकाका म्हणजे पेडगावचे पहिले टाळकरी. बुवांनी "विठ्ठल" म्हणताच ज्यांचे डोळे भरून येतात, ते देवाचं तूप चोरतील?

"माझ्या बाबांनी काल दुकानातल्या कमानीच्या काट्यावर बारा शेर मोजून दिलं," मागोमाग आलेली विमल म्हणाली. "देवळातल्या तराजूत दहाच भरलं! डबा नेला लिंबाजीकाकांनी."

बन्सीधरने हळूच वही मिटली. विमलने ती ओढलीच!

सुट्टीचा अभ्यास होता. परभणीच्या शाळेत तेव्हा अभ्यास उर्दूत असे. पुस्तक सांगत होतं, वजन दुप्पट केलं की कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, ताणही दुप्पट. ते पडताळायला परवा तिघांनी तोच काटा गुपचूप वापरला होता.

"हे काय खोडलंस?"

"पाच शेराच्या दगडाला सुई सातावर जायला लागली. मग मी... पुस्तकाशी जुळावं म्हणून सात खोडून पाच लिहिलं."

"कधीपासून सात?"

मुंजाजीने जीभ चावली. "मी काट्याला लोंबकळून झोका घेतला ना, तवापासून!"

"कमान फार ताणली की पुन्हा पहिल्यासारखी आखडत नाही," बन्सीधर पुटपुटला. "काहीतरी बिघडलंय हे मला कळलं होतं, विमल. तरी गप्प बसलो."

"विमलचे बाबा लय मारतील!" मुंजाजी म्हणाला.

"मारू देत! चला!" बन्सीधर वही घेऊन उठला.

दुकानात विमलचे वडील दिनकरराव गावकऱ्यांना तावातावाने सांगत होते, "माझा काटा खोटा बोलत न्हाई!"

"काका," बन्सीधर पुढे झाला, "काही टांगू नका. नुसता रिकामा काटा बघा!"

सुई दोनावर होती! म्हणजे बारा दिसलेलं तूप मुळात दहाच शेर होतं!

बन्सीधरने वही उघडून सगळं सांगितलं. दिनकररावांचा उगारलेला हात खाली आला. "रिकाम्या काट्याकडं मी बघितलंच न्हाई रे! आन् देवमाणसाला चोर म्हणालो!"

संध्याकाळी दिनकररावांनी भर देवळात लिंबाजीकाकांचे पाय धरले. बुवा म्हणाले, "शाबास लेकरांनो! चूक लपवायला सोपी, सांगायला छाती लागते!"

विमल, मुंजाजी हसले. बन्सीधर मात्र खांबाआड मान खाली घालून उभा होता. इतक्यात लिंबाजीकाकांनी त्याच्या हातात टाळ दिले.

"मला येत नाही, काका. चुकेन."

"चुकशील की! पर आता खोडायचं न्हाई. पुढचा ठेका धरायचा. उभा राहा माझ्याजवळ!"