सीटवरचे वीस किलो

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. सत्तावीस वर्षं झाली. जे मोजता येत नाही, ते माझ्या वर्गात कुणी ठामपणे बोललेलं मला चालत नाही.

म्हणून आधीच सांगते. पुढे लिहिलंय ते मी स्वतः पाहिलं आहे. मोजलंही आहे.

तरी मला ते कळलेलं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

१७ डिसेंबर २०१३, मंगळवार. दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं. जागा : सागने नदीच्या वरच्या अंगाला असलेलं आमचं सँ-तेओद्युल हे गाव. मादाम सोलांज गॅन्याँ यांचं पिवळं घर. त्यांचा ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची वाट.

माझा धाकटा भाऊ रेजिस हिवाळ्यात लोकांचे ड्राइव्हवे साफ करायचा. छोटा, उघडा ट्रॅक्टर आणि मागे फिरत्या पात्यांनी बर्फ उचलून फेकणारा ब्लोअर. त्या वर्षी त्याच्याकडे बेचाळीस घरं होती. प्रत्येक घरापुढे त्यानं ऑक्टोबरातच आपल्या निळ्या काठ्या रोवल्या होत्या, म्हणजे बर्फाखाली वाट कुठे आणि हिरवळ कुठे ते कळावं.

ट्रॅक्टर त्यानं मादाम सोलांजकडून घेतला होता. त्यांचा नवरा ओदिलाँ आदल्या मार्चमध्ये त्याच ट्रॅक्टरच्या ब्लोअरमध्ये सापडून गेला. स्वतःच्या दारात.

या ट्रॅक्टरच्या सीटखाली एक स्विच असतो. माणूस उठला की ब्लोअर थांबतो. बसला की फिरतो. पण ओल्या बर्फानं ब्लोअरचं बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं सारखं तुंबतं आणि दिवसातून वीस वेळा उतरावं लागतं. म्हणून आमच्याकडचे निम्मे लोक स्विचला एक तार जोडून त्याला गप्प करतात. मग सीट रिकामी असली तरी ब्लोअर फिरत राहतो. उतरताना किल्ली काढायची, एवढं लक्षात ठेवायचं.

ओदिलाँनं अठरा हिवाळे लक्षात ठेवलं. एकदा विसरला.

गॅरेजच्या भिंतीवर रक्त वळचणीपर्यंत उडालं होतं म्हणतात. सोलांजबाईंनी ती भिंत नंतर रंगवून घेतली.

ट्रॅक्टर न्यायला आम्ही दोघं गेलो होतो.

"ने बाबा," त्या रेजिसला म्हणाल्या. "फक्त माझा ड्राइव्हवे सोडू नकोस. आणि एक सांगून ठेवते. ओदिलाँ त्या सीटवर कुणाला बसू द्यायचा नाही. मलासुद्धा."

"मादाम, माझी बायको मला सोफ्यावर बसू देत नाही," रेजिस म्हणाला. "मला सवय आहे."

त्या हसल्या नाहीत.

नोव्हेंबरात मी ती तार काढली. स्वतःच्या हातानं. नवा स्विच बसवला. रेजिस गॅरेजच्या दारात कॉफी पीत उभा होता.

"मास्तरीणबाई, उतरलं की ब्लोअर बंद, चढलं की चालू. हे काय दिवसभर उठाबशा काढायचं यंत्र आहे?"

"तुला दोन्ही हात हवेत ना?"

"एक चालेल. दुसरा काय, बिअर धरायलाच लागतो."

मी सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवून पाहिल्या. पंधरा किलोला काही नाही. अठराला नाही. वीसला स्विच लागला. टक्. ब्लोअर फिरला. पिशवी उचलली, ब्लोअर थांबला. मी हे तीस वेळा केलं आणि वहीत लिहिलं. एकदाही चुकला नाही.

"आता मरायचं ठरवलंस तरी मरणार नाहीस," मी म्हटलं.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात रेजिसनं मला एक गंमत सांगितली. ट्रॅक्टर रात्रभर बाहेर राहिला होता. सकाळी बॉनेटवर वीतभर बर्फ. चाकांवर बर्फ. स्टिअरिंगवर बर्फ.

सीटवर... काहीच नाही.

"काळी गादी आहे," मी म्हटलं. "उष्णता धरून ठेवते."

"उणे अठरा होतं, कोलेत. रात्रभर."

मी वारा, कोन, आडोसा असं काहीतरी सांगितलं. त्यानं मान डोलावली. आमच्या घरात मी सांगितलेलं खरं मानायची पद्धत होती.

सतरा डिसेंबरला सकाळपासून अडतीस सेंटिमीटर बर्फ पडला. दुपारी हवा अचानक ऊबदार झाली आणि बर्फ ओला, जड झाला. शाळा बारालाच सोडली. मी वाटाण्याचं सूप थर्मासमध्ये भरून निघाले. सोलांजबाईंचं घर माझ्यापासून तिसरं. रेजिस शेवटी तिथेच यायचा.

मी पोचले तेव्हा उजेड निळा व्हायला लागला होता. रेजिस ट्रॅक्टर उलटा घेत गॅरेजपर्यंत गेला, ब्लोअर खाली सोडला, आणि पुढे निघाला. तीन-चार मीटर.

नळकांडं तुंबलं.

"तबारनाक!" त्यानं शिवी हासडली आणि खाली उतरला.

ब्लोअर थांबला. इंजिन नुसतं गुरगुरत होतं.

"काठी घे," मी म्हटलं. नळकांडं मोकळं करायला तो एक दांडा ठेवायचा.

"सकाळी मोडली."

"मग किल्ली काढ आधी."

"कशाला? तूच बसवलास ना स्विच? तीस वेळा तपासून?" तो हसला. "सूप कसलं आहे?"

"वाटाण्याचं."

"हॅम घातलंस?"

मी घातलं म्हणाले. तो वाकला आणि त्यानं उजवा हात नळकांड्यात घातला. कोपरापर्यंत.

मी ट्रॅक्टरच्या बाजूला उभी होते. सीट माझ्यापासून दीड मीटरवर. बर्फ पडत होता. मोठे, ओले पापुद्रे.

सीटवर पडत नव्हते.

मग गादी... दबली. आधी डावीकडे. मग सावकाश उजवीकडे. एखादा जड माणूस कण्हत टेकतो, तशी.

टक्.

ब्लोअर फिरला.

रेजिस ओरडला नाही. त्याला वेळच मिळाला नाही. बाही गेली, हात गेला, आणि तो चेहऱ्यानं लोखंडावर आपटला. मग पुन्हा आपटला. यंत्र त्याला आत ओढत होतं आणि तो पाय रोवत होता. हाड मोडल्याचा आवाज मी इंजिनावरून ऐकला. नळकांड्यातून बर्फ सुटला. पांढरा, मग गुलाबी, मग लाल. गॅरेजच्या रंगवलेल्या भिंतीवर, वळचणीपर्यंत.

आता तो ओरडला.

किल्ली सीटच्या उजव्या बाजूला होती. मी डावीकडून चढले. सीटवरून हात पलीकडे नेला...

मध्ये काहीतरी होतं.

डोळ्यांना तिथं फक्त रिकामी हवा दिसत होती. पण माझा खांदा अडला. ओल्या लोकरीवर अडावा तसा. जाड, गार. मी सगळा जोर लावून ढकललं. माझं वजन चोपन्न किलो. ते तसूभरही हललं नाही. मी मुठींनी मारलं. डोकं आपटलं. माझ्या मागे माझा भाऊ आईला हाका मारत होता, आणि आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

शेवटी मी गादीला घासत, त्याच्या पोटाखालून म्हणावं तसा हात सरकवला. बोटांना किल्ली लागली. ओढली.

शांतता.

गादी सावकाश वर आली. आधी उजवीकडून. मग डावीकडून.

टक्.

रेजिस वाचला. हात कोपरावरून गेला. एक डोळाही.

जानेवारीत तपासणीला एक तरुण अधिकारी आला. त्यानं माझ्यासारखीच वजनं ठेवून पाहिली. वीस किलोखाली काही नाही. स्विच ठीक. तारा ठीक.

"मादाम," तो अगदी सौम्यपणे म्हणाला, "कुणीतरी बसल्याशिवाय हे फिरत नाही. तिथं तुम्ही दोघंच होतात. तुम्ही चुकून...?"

"नाही."

त्यानं ते लिहून घेतलं. विश्वास ठेवला नाही. मीही ठेवला नसता.

रेजिसनं इस्पितळात शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न मलाच विचारला होता.

"कोलेत... तू सीटवर का बसलीस?"

"मी बसले नाही रे."

तो एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तार असती, तर त्यानं किल्ली काढली असती. तारेवर त्याचा विश्वास नव्हता.

माझ्यावर होता.

फेब्रुवारीत मी सोलांजबाईंकडे गेले. अपघाताच्या वेळी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या, हे मला माहीत होतं.

"तुम्ही पाहिलंत. मी खाली उभी होते ना? रेजिसला एवढंच सांगा."

त्या टेबलावरचा चुरा गोळा करू लागल्या.

"तू खालीच होतीस, पोरी."

"मग चला माझ्याबरोबर. त्याला सांगा."

"सांगितलं, तर तो पुढचं विचारेल. सीटवर कोण होतं ते." त्यांनी चुरा तळहातावर घेतला. "ओदिलाँचा उजवा खुबा मोडलेला होता. बसताना तो आधी डावीकडे टेकायचा. मग उजवीकडे."

गादी कशी दबली, ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. अधिकाऱ्यालाही नाही.

त्या रेजिसकडे आल्या नाहीत. पुढच्या वर्षी वारल्या.

ट्रॅक्टर भंगारात गेला. तो स्विच मात्र मी काढून आणला. पुरावा म्हणून. स्वयंपाकघरातल्या खणात ठेवला आहे. कशालाच जोडलेला नाही. दाबायला वीस किलो लागतात.

रेजिस दर वर्षी पहिल्या बर्फाला फोन करतो. दुसरं काही बोलत नाही.

"तू का बसलीस?"

"मी बसले नाही."

आज दुपारी फोन वाजला. बाहेर बर्फ सुरू झाला होता. मी तेच उत्तर दिलं.

आणि खणातून...

टक्.

"कसला आवाज झाला?" रेजिसनं विचारलं.

फोन अजून हातात आहे. दुसऱ्या टक्‌ची वाट बघते आहे. उठल्याची.

तो आवाज अजून आलेला नाही.